ब्रेक जड का झाला?

गेल्या वर्षीची भाऊबीज आमच्या घरातले कोणी विसरेल असे मला वाटत नाही. आईने वाईला जाऊन मामांना ओवाळले, मामांनी तिच्या ताटात रीतसर साडी घातली, आणि जेवणे झाल्यावर मंडळींनी पाचगणीला जाऊन यायचे ठरवले. वाहन अर्थातच मामांची जीप. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मामा घाटात गाडी चालवत नाहीत, म्हणून ते घरीच राहिले आणि चक्र माझ्या हाती आले. आई माझ्या शेजारी. मागच्या बाकांवर मामी, आमची सौ. आणि दोन्ही मुले.

चढताना काही जाणवले नाही. उतरताना पसरणीच्या घाटात एका वळणावर समोरून एस. टी. आली. मी ब्रेकवर पाय दिला. पेडल जेमतेम बोटभर खाली गेले आणि दगडासारखे घट्ट लागले. गाडी मंदावली, पण थांबेना. मी दुसरा पाय पहिल्यावर ठेवून जवळजवळ उभाच राहिलो. मग गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यात ढकलला, हातब्रेक ओढला आणि डावी चाके डोंगराकडच्या गटारात घातली. एस. टी. दोन हातांवरून निघून गेली. डोळे मिटून बसलेल्या आईने विचारले, “थांबली का रे?”

थांबली होती. माझे पाय मात्र पुढची दहा मिनिटे थांबत नव्हते.

बायकामुलांना मागून आलेल्या एका सज्जनांच्या मोटारीतून खाली पाठवले. जीपला कमी वेगाचा जो जादा दांडा असतो तो टाकून, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने मी ती एकटाच वाईपर्यंत आणली. रात्री ओसरीवर बैठक बसली. मामी म्हणाल्या, “आता पुरे. ही भंगारात द्या.” आणि मामा, जे एरवी जीपविरुद्ध चकार शब्द ऐकून घेत नाहीत, ते म्हणाले, “गाडी चांगलीच होती. आमच्या नातवाने तिचे ब्रेक बिघडवले.”

नातू तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. काही न बोलता तो आत निघून गेला.

जीपची कुळकथा

ही जीप माझ्या आजोबांनी १९६८ साली घेतली. मुंबईला महिंद्रांच्या कारखान्यात विलीज कंपनीच्या नमुन्यावर ज्या उंच बॉनेटच्या जीपगाड्या तयार होत, त्यांपैकी ही एक. आईची सासरी पाठवणी हिच्यातूनच झाली. मूळची ती पेट्रोलवर चालणारी. चारही चाकांना ड्रमब्रेक, आणि ते दाबायला चालवणाराच्या पायाखेरीज दुसरे बळ नाही. १९८६ साली पेट्रोल परवडेना म्हणून मामांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले आणि आर. टी. ओ.च्या पुस्तकात तशी नोंद करून घेतली. त्या काळी असे पुष्कळांनी केले.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नातवाने तिसरी सुधारणा केली. पुढच्या दोन चाकांना डिस्कब्रेक बसवले आणि पायाला मदत म्हणून बूस्टर, म्हणजे ज्याला आपण पॉवर ब्रेक म्हणतो तो. आजोबांच्या वेळेपासून जीपची एक लांबोडकी वही आहे. तीत प्रत्येक दुरुस्ती तारीखवार लिहिलेली असते. त्या वहीतली शेवटची नोंद हीच होती: “पुढे डिस्क व बूस्टर.” त्यानंतर वही कोरी, आणि नंतर ब्रेक जड झाला. मामांचा निवाडा या वहीवरून झाला होता, आणि वरवर पाहता तो बरोबरही दिसत होता.

मास्तरांचे उपचार

मी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवतो. पास्कलचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहितो: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. मोटारीचा ब्रेक याच नियमावर चालतो. तेव्हा रोग मीच शोधीन असे मी जाहीर केले आणि दोन दिवस रजा वाढवली.

पहिल्या दिवशी मी ठरवले की नळ्यांत हवा शिरली आहे. चारही चाकांची एअर काढली. ब्रेक ऑइल नवे भरले. पेडल होते तसेच. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले, मागच्या ड्रमचे लायनर घासून बसवले. पेडल होते तसेच. पैसे गेले, कपडे काळे झाले आणि मामा प्रत्येक खेपेस म्हणत राहिले, “मी सांगतो, ती डिस्क काढा.”

माझी चूक काय झाली ते नंतर कळले. रोग्याला काय होते आहे हे न विचारता मी औषध देत होतो. ब्रेक लागत नाही ही एकच तक्रार, पण पेडल ती वेगवेगळ्या भाषेत सांगते. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर नळीत हवा आहे किंवा ब्रेक ऑइल तापून उकळले आहे. पाय दाबून धरला असता ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गळते आहे. फारच खाली जाऊन मग ब्रेक लागत असेल तर मागचे लायनर झिजलेले किंवा सैल आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या दोन चाकांत फरक आहे. आणि पेडल घट्ट, पाय दुखेपर्यंत दाबले तरी गाडी थांबत नाही, असे असेल तर पहिला संशय बूस्टरवर आणि त्याला बळ पुरवणाऱ्या गोष्टींवर घ्यायचा. आमचे पेडल पहिल्या दिवसापासून हेच ओरडून सांगत होते.

बाहेरच्या हवेचे बळ

हा बूस्टर म्हणजे काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. ब्रेकच्या पेडलापुढे, इंजिनाच्या बाजूला, पातेल्याएवढा एक पत्र्याचा बंद डबा असतो. आत रबराचा पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा आधीच शोषून घेतलेली असते. आपण पेडल दाबले की मागच्या बाजूची एक झडप उघडते आणि बाहेरची हवा तेवढ्याच खोलीत शिरते. पुढे पोकळी, मागे हवा. साहजिकच पडदा पुढे ढकलला जातो आणि आपल्या पायाच्या जोडीने मास्टर सिलिंडर दाबतो. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकात तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तेव्हा दोन्हीकडून घोडे जुंपूनही ते सुटेनात. तेच हे बळ. १९२० नंतरच्या दशकात बेल्जियमचे इंजिनिअर आल्बेर देवांद्र यांनी ते मोटारीच्या ब्रेकसाठी राबवले.

हे बळ किती? साधा हिशेब पाहा. ८ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. डब्यात पाऱ्याच्या मापाने १८ इंच पोकळी असेल तर दर चौरस इंचाला सुमारे पावणेनऊ पौंड दाब मिळतो. म्हणजे एकूण ४४० पौंडांच्या आसपास, जवळजवळ २०० किलो. पायाने २५ किलो जोर लावला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट झाला, तर पायाचे झाले १०० किलो. दोन्ही मिळून ३००. बूस्टरचे बळ गेले की राहतात १००. म्हणजे पाय तोच, ब्रेक मात्र एकतृतीयांश.

त्यात डिस्कचा आणखी एक स्वभाव आहे. ड्रममध्ये लायनर टेकला की फिरता ड्रमच त्याला आपल्याकडे ओढतो आणि पकड वाढवतो. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नसते. डिस्क तापमान चांगले सोसते, सरळ थांबवते, पण दाब जास्त मागते. म्हणून बूस्टर बंद पडलेली डिस्कची गाडी जुन्या ड्रमच्या गाडीपेक्षाही जड वाटते. मामांची तक्रार खरी होती. निष्कर्ष चुकला होता.

मिस्त्रींनी नळी धरली

तिसऱ्या दिवशी सौ.च्या आग्रहावरून आम्ही गावातल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी चारही चाकांना धोंडे लावायला सांगितले आणि इंजिन बंद असतानाच पेडल पाच-सहा वेळा दाबले.

“मास्तर, आता पाय दाबून धरा आन् गाडी चालू करा.”

मी तसे केले.

“पेडल खाली बसलं का?”

“नाही.”

“बसाया पाहिजे. इंजिन चालू झालं की बूस्टरला दम मिळतो, आन् पाय आपसूक जरा खाली जातो. ह्याला दमच न्हाई.”

मग त्यांनी इंजिन मिनिटभर चालवून बंद केले, थोडे थांबले आणि पुन्हा पेडल दाबले. चांगल्या बूस्टरमध्ये इंजिन बंद केल्यावरही एकदोन दाबांपुरती पोकळी शिल्लक राहते, कारण नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते. इथे पहिलाच दाब घट्ट. तेव्हा त्यांनी बूस्टरची रबरी नळी काढून तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. इंजिन धडधडत होते, पण अंगठा ओढला जाईना. पोकळी मोजायचे मीटर लावले. काटा जागचा हलला नाही.

“बूस्टरचा गुन्हा न्हाई, आबा,” मिस्त्री मामांना म्हणाले. “त्याला जेवायलाच कुणी घालत न्हाई.”

मग ते नळी धरून मागे मागे गेले. नळी इंजिनात हवा जाते त्या पाइपावर एका ठिकाणी जोडलेली होती. ते पाहून मिस्त्री हसले. माझ्या मात्र तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि भौतिकशास्त्राच्या मास्तराला तो उशिरा पडला याची लाजही वाटली.

पेट्रोलच्या इंजिनात आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेच्या वाटेवरचे दार मिटते. आतले पिस्टन मात्र ओढतच असतात. म्हणून त्या पाइपात आयती पोकळी तयार होते, आणि बूस्टरची नळी तिथे जोडली की भागते. डिझेल इंजिनात, थोडे अपवाद सोडले तर, असे दारच नसते. तिथे वेग कमीजास्त होतो तो डिझेलच्या मापाने. हवा मोकळीच वाहते. मोकळ्या वाटेत पोकळी कुठून येणार? म्हणून डिझेलच्या गाडीला पोकळी तयार करणारा वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडच्या कित्येक डिझेल गाड्यांत तो आल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो.

“आल्टरनेटर कवा बदलला?” मिस्त्रींनी विचारले.

“बदलला नाही,” मामा म्हणाले. “वही बघा.”

वहीत तशी नोंद नव्हती. मिस्त्रींनी इंजिनाच्या कुशीकडे बोट दाखवले. तिथे तेलाच्या दोन नळ्या बूच मारून बांधून ठेवलेल्या होत्या. पोकळीच्या पंपाला वंगणासाठी इंजिनाचेच ऑइल लागते. एका नळीने ते येते, दुसरीने परत जाते. नळ्या आहेत, पण पंप नाही, याचा अर्थ पंप कोणीतरी काढला होता.

वहीत नसलेली नोंद

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “श्रावणात बॅटरी चार्ज होईना. साताऱ्याला एका दुकानात जुना आल्टरनेटर स्वस्तात मिळाला. मी म्हटले, दिवे लागल्याशी कारण. त्याने विचारले, ही नळी कुठे लावू? मी म्हटले, असेल तिथे लाव. ते विजेचे काम म्हणून वहीत लिहिले नाही.”

डिस्क पाडव्याला बसली. ब्रेक जड झाला श्रावणानंतर. मधले पाच महिने गाडी उत्तम थांबत होती, हे आता सगळ्यांनाच आठवले. पण मामा एरवी शेतापर्यंत सपाट रस्त्याने सावकाश जात. तिथे एकतृतीयांश ब्रेकही चालून गेला. घाटाने तो उघडा पाडला.

घाट काय मागतो याचा मी नंतर हिशेब केला. वाईपेक्षा पाचगणी सुमारे ५७५ मीटर उंच. माणसांसकट दीड टनाची गाडी तिथून खाली येते तेव्हा जी शक्ती मोकळी होते, ती सगळी पाण्यात घातली तर २८ लिटर थंड पाण्याला उकळी येईल. दिवाळीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नानासाठी बंब तापवतो, तेवढे हे काम. ही उष्णता ब्रेकने एकट्याने पचवायची नसते; म्हणून चढायला जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. तिसऱ्या गिअरमध्ये उतरण्याची चूक माझी होती, हेही इथे कबूल करतो.

पंपाचा आल्टरनेटर पुण्याहून नातवानेच आणला. मिस्त्रींनी तेलाच्या नळ्या जोडल्या, वाहणारे तेल तपासले, बूस्टरची जुनी नळी आतून फुगली होती ती बदलली. इंजिन चालू केले. मीटरचा काटा उठला आणि २२ इंचांवर जाऊन थांबला. मी पेडल दाबून धरून किल्ली फिरवली. पाय आपोआप दोन बोटे खाली गेला. नंतर पेडल दाबून धरूनच इंजिन बंद केले आणि अर्धा मिनिट थांबलो. पेडलने पायाला वर ढकलले नाही, म्हणजे डबाही गळत नव्हता.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी

ॲम्बॅसॅडर तयार होणे २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची फियाटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आता ज्यांच्या घरी अशी गाडी उरली आहे ती बहुधा प्रेमापोटी, आणि प्रेमापोटी माणसे तिला नवी इंजिने, नवे ब्रेक बसवतात. त्यांना आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

वर सांगितलेल्या पेडलच्या परीक्षा कोणालाही घरी करता येतात. त्या सपाट जागी, चाकांना धोंडे लावून कराव्यात. रस्त्यावर, आणि घाटात तर मुळीच नाही. पेट्रोलच्या गाडीत मीटर लावल्यास इंजिन सावकाश चालताना साधारण १७ ते २१ इंच पोकळी दिसावी. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी धरावा. शर्यतीच्या धर्तीचा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनात ती बरीच कमी भरते. मग बूस्टर कितीही भारी आणला तरी उपयोग नाही, वेगळा पंपच लागतो.

पोकळी भरपूर असूनही पेडल जड असेल तर मास्टर सिलिंडर मोठ्या व्यासाचा बसला आहे का पाहावे. मोठ्या व्यासाने पेडल थोडेच खाली जाते पण जोर जास्त लागतो. लहान व्यासाने उलट. बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि चाकांवरचे ब्रेक एकमेकांच्या मापाचे असावे लागतात. तीन गाड्यांचे तीन भाग एकत्र केले की तिघांचे पटतेच असे नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. म्हणून ते दोनएक वर्षांनी बदलावे.

आणि कायदा. मामांनी १९८६ साली जे केले ते आज तसेच करता येईल असे समजू नये. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतल्या बदलांवर बंधने घातली आहेत, आणि नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचे नियम २०२१ साली आले, पण ते मूळ रूपात जपलेल्या गाडीसाठी. तेव्हा पान्याला हात घालण्यापूर्वी आर. टी. ओ.त विचारून घ्यावे.

जीप भंगारात गेली नाही. दुरुस्तीनंतर आठ दिवस ती सपाट रस्त्यावर चालवून पाहिली आणि मग पसरणीच्या घाटात नेली. चक्र नातवाच्या हाती होते. मामा शेजारी बसले होते, चढताना आणि उतरताना दुसऱ्याच गिअरवर नजर ठेवून. एस. टी. याही वेळी समोर आली. जीप हलकेच मंदावली, बाजूला झाली आणि उभी राहिली. मामांनी काही शाबासकी वगैरे दिली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे.

घरी आल्यावर मात्र त्यांनी वही मागवली. पाडव्याच्या नोंदीखाली जागा होती. तिथे त्यांनी आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिले: “श्रावण. आल्टरनेटर बदलला. पंप नव्हता. चूक माझी.” त्याखाली दुसरी नोंद: “कार्तिक. पंपाचा आल्टरनेटर. ब्रेक चांगला.” आणि वही नातवाच्या हाती देत म्हणाले, “इथून पुढे तू लिही. विजेचे कामसुद्धा लिही.”